हकालाऊची एक दिवसाची बर्ड टूर: आधी बूट, मग पक्षी

हवाईहून आल्यापासून तीन-चार जणांनी विचारलं की ती पक्ष्यांची टूर खरंच एवढ्या पैशांची आहे का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. थोडक्यात उत्तर हवं असेल तर हो, आहे. पण कशामुळे आहे ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण मी बुक केली होती ती इइवी नावाचा लालभडक पक्षी बघायला, आणि सोबत आलेल्या बाबांनी मात्र सगळा दिवस डासांवर बोलण्यात घालवला. बाबा हिवताप विभागातून रिटायर झालेत, आयुष्यभर लोकांच्या टाक्या, कुंड्या, टायर बघत फिरलेत, आणि त्यांच्यामुळे ही टूर मला नीट कळली असं मी म्हणेन.

आधी टूर काय आहे ते. हवाईच्या बिग आयलंड बेटावर मौना केआ डोंगराच्या पूर्व उतारावर हकालाऊ फॉरेस्ट म्हणून राखीव जंगल आहे, १९८५ मध्ये खास जंगलातल्या पक्ष्यांसाठी राखलेलं. तिथे उठून आपलं आपण जाता येत नाही, परवानगी लागते, आणि पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या गाईडकडे रेफ्यूजचा, म्हणजे त्या राखीव जंगलाचा, परवाना असावा लागतो. रस्ताही शेवटी कच्चा आहे, फोर व्हीलशिवाय शक्य नाही. आम्ही हिलो गावात राहिलो होतो, पहाटे अंधारात गाडी आली, आम्ही दोघं धरून सहा जण होतो, संध्याकाळी परत सोडलं. दोघांचे मिळून साडेचारशे डॉलरच्या आसपास झाले, वर टिप. दुर्बिणी, रेनकोट, दुपारचं जेवण त्यातच.

आता बुटांचं. बुकिंग केल्यावर तीन दिवस आधी एक ईमेल आली, त्यात कुठले पक्षी दिसतील हे एका ओळीत होतं आणि बाकी सगळं कपडे आणि बूट याबद्दल. बूट ब्रशने घासून माती पूर्ण काढा, कपडे धुतलेलेच घाला, बॅगेचे कोपरे आणि वेल्क्रो तपासा कारण तिथे बिया चिकटून बसतात, आणि गेल्या काही दिवसांत कोंबड्या किंवा बदकं पाळलेल्या ठिकाणी गेला असाल तर आधी कळवा. शेवटचा मुद्दा मला तेव्हा कळला नाही. नंतर गाईडने सांगितलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये ओआहू बेटावर एका घरच्या बदक-कोंबड्यांच्या कळपात एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, हवाईत पहिल्यांदाच, तेव्हापासून ते हा प्रश्न विचारतात.

गाडीत बसायच्या आधी त्याने प्रत्येकाचा बूट हातात घेऊन उलटा केला आणि टॉर्च मारून तळवा बघितला. माझ्या बुटाच्या खाचेत वाळलेली माती होती, दोन दिवसांपूर्वीची, मला वाटलं होतं साफ आहे. त्याने काही न बोलता ब्रश हातात दिला, मी घासली, मग त्याने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्प्रे मारला आणि वाळेपर्यंत थांबायला लावलं. एका बाईंना ते जरा लागलं, आम्ही आंघोळ करून आलोय म्हणाल्या. पण तो शांतपणे सगळ्यांचं करत राहिला. हे ओहिआ झाडांसाठी. ओहिआ म्हणजे तिथल्या जंगलाचा कणाच, लाल झुबकेदार फुलं येतात, त्यातला मध पिऊन इइवी आणि आपापाने हे पक्षी जगतात, आणि २०१४ पासून त्या झाडांना मारणारी एक बुरशी ओळखली गेलीय, रॅपिड ओहिआ डेथ म्हणतात, झाडाच्या जखमेतून आत शिरते आणि मातीतून, बुटांतून, गाडीच्या चाकांतून नव्या जागी जाते. झाड गेलं की पक्ष्याचं घर आणि जेवण दोन्ही गेलं.

मी हे एवढं लिहितेय कारण दोन दिवसांपूर्वीच आम्ही दुसऱ्या एका कंपनीची अर्ध्या दिवसाची टूर केली होती, किलाउएआ ज्वालामुखीच्या बाजूला, आणि तिथे यातलं काहीच झालं नाही. ट्रेलच्या तोंडाशी ब्रशचं स्टेशन होतं, बोर्ड होता, आणि गाईडसकट सगळे त्याच्या बाजूने सरळ चालत गेले. वर तो माणूस फोनला स्पीकर लावून पक्ष्यांचे आवाज परत परत वाजवत होता, पक्षी बिचारा आपल्या हद्दीत कोण घुसलं बघायला पुन्हा पुन्हा खाली यायचा, आणि सगळे खटाखट फोटो काढायचे. मीही काढले, मला तेव्हा कळत नव्हतं. स्वस्त होती ती, निम्म्याहून कमी, आणि पक्षी जवळून दिसले हेही खरं. पण तिथे काढलेल्या एका आपापानेच्या फोटोत त्याच्या पायाच्या बोटावर गाठ दिसतेय, मोठी, खरखरीत, चामखिळीसारखी, आणि एक बोट अर्धंच आहे. आमच्या तिथल्या गाईडला विचारलं तर म्हणाला भांडणात लागलं असेल. हकालाऊच्या गाईडला तोच फोटो दाखवला तर त्याने झूम केला आणि एका सेकंदात म्हणाला, पॉक्स. पक्ष्यांची देवी. उघड्या त्वचेवर म्हणजे पाय, डोळ्याभोवती, चोचीच्या मुळाशी गाठी येतात, बोटं झडतात, डोळा बंद झाला तर पक्षी उपाशी मरतो, आणि ही पसरवणाराही डासच.

इथपासून बाबा पुढे सरकून बसले.

आदल्या रात्री हिलोच्या मुक्कामी त्यांनी बाथरूमच्या भिंतीवर एक डास बघितला होता. टॉर्च मारून म्हणाले, "अगं बघ, भिंतीला समांतर बसलाय, क्युलेक्स आहे. आपलाच की हा." अॅनोफिलिस ढुंगण वर करून तिरका बसतो आणि क्युलेक्स आडवा, हे त्यांनी मला शाळेत असल्यापासून शिकवलंय. तर गाडीत गाईडने सांगायला सुरुवात केली की हवाईतले पक्षी मलेरियाने मेले आणि तो क्युलेक्स डासाने आणला, तर बाबांनी मला हाताला धरून थांबवलं. "त्याला सांग, क्युलेक्सने मलेरिया होत नाही. हत्तीरोग होतो. तीस वर्षं हेच केलंय मी." मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. गाईड हसला नाही, उलट गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून नीट उत्तर दिलं. माणसाचा मलेरिया अॅनोफिलिसनेच होतो, तुमचं बरोबर आहे, पक्ष्यांचा वेगळा, परजीवी प्लाझमोडियमच पण दुसऱ्या जातीचं, रेलिक्टम, ते माणसाला होत नाही आणि ते नेतो क्युलेक्स क्विंकेफॅशिएटस. नाव ऐकल्यावर बाबा गप्प झाले, मग म्हणाले, तोच तो, हत्तीरोगवाला, सारखाच डास आणि इथे पक्षी मारतोय. पुढचा सगळा प्रवास मी फक्त दुभाषी होते. बाबांच्या वयाच्या आणि इंग्रजी कमी येणाऱ्या माणसाचा प्रश्न इतका मनापासून घेणारा गाईड मला याआधी भेटला नव्हता, आणि या कंपनीला मी ५ स्टार देतेय त्यातला एक नुसता त्या पाच मिनिटांचा आहे.

जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते. हवाई बेटांवर मुळात डास नव्हतेच. एकही नाही. लाखो वर्षांपूर्वी आशियाच्या बाजूने रोझफिंचसारखे पक्षी तिथे पोचले आणि त्यांच्यापासून पन्नासच्या वर जातींचे हनीक्रीपर पक्षी झाले, इइवी आणि आपापाने त्यातलेच, कुणाची चोच पोपटासारखी, कुणाची बाकदार, कुणाची सुईसारखी, आणि या सगळ्या काळात त्यांना डास चावला नाही म्हणून त्यांच्या अंगात डासाच्या रोगांशी लढायची ताकदच तयार झाली नाही. मग १८२६ मध्ये माऊई बेटावरच्या लाहाइना बंदरात वेलिंग्टन नावाच्या जहाजाच्या पाण्याच्या पिंपांमधून डासांच्या अळ्या उतरल्या असं सांगतात. पिंपं! बाबांनी यावर कपाळाला हात लावला. मलेरिया पुढे बाहेरून आणून सोडलेल्या पक्ष्यांच्या रक्तातून आला. इइवीला लागण झालेला एकच डास चावला तरी दहातले नऊ मरतात, हे प्रयोगात बघितलेलं आहे. आज हनीक्रीपरच्या जेमतेम सतरा जाती उरल्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने २१ प्रजाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या, त्यातल्या ८ हवाईच्या जंगलातल्या पक्ष्यांच्या होत्या. त्यातला एक पोओउली, १९७३ मध्ये माऊईवर पहिल्यांदा दिसलेला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये शेवटचा हाती असलेला पिंजऱ्यात मेला. म्हणजे ओळख झाल्यापासून जायला एकतीस वर्षं. गाईड हे सांगताना आरशातून आमच्याकडे बघत नव्हता.

मग उरलेले उरले कसे, तर थंडीमुळे. डासाच्या पोटात तो परजीवी वाढायला ऊब लागते, १३ अंश सेल्सिअसच्या खाली तो वाढतच नाही, आणि डासही उंचावर कमी होतात. म्हणून साधारण पंधराशे मीटरच्या वर पक्षी सुरक्षित असं बरीच वर्षं धरलं जायचं. आम्ही हिलोहून समुद्रसपाटीवरून निघालो होतो, सॅडल रोडने वर चढताना तो मधेमधे उंची सांगत होता, आणि एका वळणावर त्याने खिडक्या उघडायला लावल्या, गार हवा आत आली, म्हणाला इथून वर पक्षी दिसायला सुरुवात. खालचे मोठे हिरवेगार ओहिआचे पट्टे आपण मागे टाकले ते दिसायला जंगल आहेत पण इइवीसाठी रिकामे आहेत. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला तर खालचंच जंगल जास्त दाट वाटलं होतं.

आणि आता हवा तापत चाललीय तसा डास वर चढतोय. काउआई बेटाचा सगळ्यात उंच माथाच १,५९८ मीटर आहे, तिथल्या पक्ष्यांना वर सरकायला डोंगरच उरला नाही. आकिकिकी नावाचा तिथला छोटा करडा पक्षी २०२३ मध्ये जंगलात ५ उरले होते, बाकी जे आहेत ते पकडून, अंडी आणून पिंजऱ्यांत वाढवलेले. २०१९ मध्ये माऊईवर किविकिऊ पक्षी नव्याने उभ्या केलेल्या जंगलात नेऊन सोडले, इतकी वर्षं तयारी करून, तर डास तिथवर पोचलेले होते आणि बहुतेक सगळे मलेरियाने गेले.

हकालाऊचं वेगळेपण इथे आहे. मौना केआ ४,२०७ मीटर, डोंगर भरपूर, पण वरचं जंगल गुरांच्या चराईसाठी पूर्वी तोडून टाकलेलं, म्हणजे पक्षी वर सरकले तरी बसायला झाड नाही. तर रेफ्यूजने तिथे झाडं लावली, मुख्यतः कोआ, स्वयंसेवकांनी हातांनी, पाच लाखांच्या वर. आम्ही त्या लावलेल्या कोआंच्या रांगेतून चाललो, अजून ओळीत आहेत हे कळतं, आणि त्याच झाडांत आमाकिही आणि इइवी फिरत होते. गाईड म्हणाला हे वरच्या मजल्याचं बांधकाम आहे.

पक्षी दिसले का? दिसले, भरपूर. इइवी पहिल्या दहा मिनिटांत, आधी आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा किर्रर, मग तो स्वतः, कुंकवासारखा लाल, काळे पंख, आणि केशरी-गुलाबी लांब वाकडी चोच फुलात खुपसलेली. आकेपा नर, नारिंगी, अंगठ्याएवढा. ओमाओ ऐकला, नीट दिसला नाही. नेने, म्हणजे तिथले जंगली हंस, रस्त्यावर. पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका आकिआपोलाऊखाली उभे होतो. त्याची खालची चोच सरळ आणि आखूड, वरची जवळजवळ दुप्पट लांब आणि आकड्यासारखी वळलेली. तोंड उघडं ठेवून नुसत्या खालच्या चोचीने तो कोआच्या फांदीवर ठकठक करत होता, सुतारपक्ष्यासारखा, मग थांबायचा, मान तिरकी करायचा आणि वरचा आकडा भोकात घालून अळी बाहेर खेचायचा. मागे त्याचं पिल्लू सारखं ओरडत होतं. एक हत्यार खणायला, एक काढायला, दोन्ही एकाच तोंडात. वीस मिनिटं बघितलं, कुणालाही पुढे जायची घाई नव्हती, गाईडने घाई केलीही नाही आणि एकदाही स्पीकर काढला नाही.

बाबांना पक्ष्यांपेक्षा हापुऊ आवडलं. ते मोठं झाडासारखं नेचं असतं, त्याचं खोड आतून मऊ आणि पिठाळ. बाहेरून आणलेली आणि रानटी झालेली डुकरं ते खोड आडवं पाडून आतला गर खातात आणि मागे उरते लांबट पन्हाळी. पावसाने ती भरते. गाईडने दाखवायला एक जुनी पन्हाळी होती कुंपणाच्या बाहेर, बाबा गुडघ्यावर बसले, टॉर्च मागितली, पाण्यात मारली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अळी नाही. थंड आहे पाणी. पण खाली असती तर भरलेली असती." मग त्यांनी विचारलं की तुम्ही गप्पी मासे का नाही सोडत. गाईडने सांगितलं की अशी खोडं दऱ्याखोऱ्यांत हजारोंनी आहेत, माणूस तिथवर जाऊच शकत नाही, आणि नाल्यांत मासे सोडले तर तिथले मूळचे किडे संपतील, म्हणून इथे पहिलं काम कुंपण घालून डुकरं बाहेर काढणं. बाबांना पटलं. स्रोत बंद करा, हेच ना शेवटी, म्हणाले.

जेवताना नर डासांचा विषय निघाला. माऊईवर २०२३ पासून हेलिकॉप्टरने डास सोडतायत, मुद्दाम, आणि आता काउआईवरही. ऐकायला भयंकर वाटतं, आमच्यातल्या एकाने तर जेवण थांबवलं. पण सोडतात ते फक्त नर, नर चावत नाही, आणि त्यांच्यात व्होल्बाकिया नावाच्या जिवाणूचा असा प्रकार असतो की जंगलातल्या मादीशी जुळल्यावर तिची अंडी उबतच नाहीत. पुन्हा पुन्हा सोडत राहावे लागतात, नाहीतर डास परत वाढतात. स्थानिक लोकांत याबद्दल भीतीही आहे, विरोधही झाला, हे त्याने लपवलं नाही. बाबा म्हणाले की नर चावत नाही हे घरोघरी सांगून माझा घसा बसायचा, यांना पण तेच सांगावं लागतंय. आणि रक्ताचे नमुने कसे घेतात हे विचारलं तर गाईड म्हणाला पक्षी जाळ्यात धरून पंखाखालच्या शिरेतून थेंबभर घेतात आणि काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात. "काचपट्टी!" बाबा इतक्या आनंदाने म्हणाले की ते भाषांतर करायची गरज पडली नाही.

एक दिलासा देणारी गोष्ट पण होती, हिलोच्या बाजूच्या सखल भागात, ऐन डासांत, आमाकिहीच्या काही थव्यांना आता मलेरिया होऊनही ते जगतात, पिल्लं वाढवतात. एका जातीला जमलंय. इइवीला जमलेलं नाही, तो फुलोरा शोधत खाली उतरतो आणि तिथेच त्याला डास गाठतो.

तक्रारी सांगायच्या तर आहेत. कच्चा रस्ता फार हाडं मोडणारा आहे, पाठीचं दुखणं असेल तर नक्की विचार करा, बाबांना दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसावं लागलं. टॉयलेट फार कमी ठिकाणी आहे आणि हे बुक करताना स्पष्ट सांगत नाहीत, ते सांगायला हवं. जेवण थंडगार सँडविच, शाकाहारी लिहून दिलं होतं तरी त्यात फक्त चीज आणि कोबीचं पान होतं, आपलं काहीतरी जवळ ठेवा पण बियांवालं फळ नको, ते आत नेऊ देत नाहीत. दिलेल्या दुर्बिणींपैकी एकीची काच आतून धुरकट होती, बदलून मागितली तर लगेच बदलली.

बुक करणाऱ्यांनी पहिल्याच फोनला दोनच गोष्टी विचारा, हकालाऊचा परवाना आहे का आणि बुटांचं काय करता. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर पुढचा नंबर लावा. पक्षी किती दिसतील हे विचारू नका, ते धुक्यावर आहे. गरम कपडे हवेतच, हिलोला घाम येत असतो आणि वर हात गारठतात. लहान मुलांना नेलं तर चालेल, पण गप्प उभं राहता यायला हवं.

परत येताना रेफ्यूजच्या गेटवर त्याने पुन्हा सगळ्यांचे बूट घासायला लावले, बाहेर जाताना पण, कारण आतलं काही बाहेर जायला नको आणि उद्या हेच बूट घालून कोण कुठल्या बेटावर जाईल सांगता येत नाही. आमची पुढची फ्लाइट माऊईची होती. या वेळी बाबांनी स्प्रेची बाटली मागून घेतली आणि आधी माझे बूट केले.